आंबावडीची बशी

तमाम सुजाण वाचकांना, विशेषतः गोड खाणाऱ्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आंबावडी हा पदार्थ आपण समजता तितका निरुपद्रवी नाही. आमच्या कारखान्यात ती बशीतून समोर आली की धडधाकट माणसं उभ्या जागी पांढरी पडत. एकाने तर बशी पाहताच "पण मी काय केलंय?" असं ओरडत मागच्या दाराने पळ काढला होता, आणि त्या दिवशी साहेबांचा नुसता वाढदिवस होता. तरी कृपया हसू नये. विषय शोकाचा आहे. निदान सुरुवात तरी मी शोकाने करणार आहे, पुढचं माझ्या हातात नाही.

आमचा कारखाना म्हणजे रत्नागिरीबाहेर कातळावर उभी असलेली पत्र्याची लांबलचक शेड. आंब्याच्या दिवसांत हापूसचा रस काढून डब्यांत भरायचा आणि उरलेलं वर्षभर त्या डब्यांना लेबलं लावून, खोक्यांत घालून ते बाहेर पाठवायचे, असा धंदा. मी तिथे स्टोअर सांभाळतो. रिकामे डबे, झाकणं, खोकी, लेबलांची बंडलं, चेपलेले डबे आणि चेपलेल्या माणसांच्या तक्रारी, सगळं माझ्या ताब्यात. शिवाय आमच्या गावच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतं आणि त्यातला खलनायक मी असतो. अजूनही गावातली पोरं मला बघून आईच्या मागे लपतात. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा सर्वांत मोठा मान आहे.

आमचे साहेब घाटावरचे. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडचे, गोड बोलणाऱ्या मुलखातले. दिसायला असे भरदार, मिशा अशा पिळदार, की त्यांनी नाटकात पाऊल ठेवलं असतं तर माझी भूमिका गेलीच असती. पण आत नुसतं लोणी. कारखान्याच्या मांजरीला पिल्लं झाली तेव्हा तिला त्रास नको म्हणून त्यांनी आपली केबिन काही दिवस सोडली होती आणि पॅकिंग हॉलच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसले होते.

आता आमच्याकडे वाईट बातमी कशी देतात ते तुम्हाला ठाऊक असेल. रस्त्यात भेटलेला माणूस सांगतो, "तुमची म्हैस गेली हो. जेवलात का?" दोन्ही गोष्टी एकाच सुरात. ऐकणाराही "हो, आत्ताच" म्हणतो आणि मग घरी जाऊन म्हशीचं दुःख करतो. साहेबांना हे जमणं शक्य नव्हतं. माणसाला वाईट बातमी रिकाम्या तोंडी सांगू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ते ज्याला काही वाईट सांगायचं त्याला केबिनमध्ये बोलवायचे, खुर्ची ओढून द्यायचे, आणि कँटीनच्या मावशीला हाक मारून आंबावडीची बशी मागवायचे. मग विचारपूस. घरचे कसे आहेत, पोरं काय शिकतात, पाऊसपाणी, पाठदुखी. आणि मग, बातमीच्या जवळ येता येता, साहेबांचाच आवाज कापायला लागायचा. डोळे भरून यायचे. शेवटी रजा नामंजूर झालेला माणूस उठून साहेबांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "जाऊ दे साहेब, तुमी नका मनाला लावून घेऊ."

काही दिवसांतच सगळा कारखाना शहाणा झाला. मावशी बशी घेऊन केबिनकडे निघाली की कोणीतरी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नुसता एक पिवळा चौकोन टाकायचं. मग शेडमध्ये शांतता. यंत्रंसुद्धा हळू चालतात असं वाटायचं. एकदा पुण्याहून माल बघायला एक पाहुणे आले होते. साहेबांनी त्यांच्यासाठी चांगल्या मनाने आंबावडी मागवली. मावशीने बशी ठेवली, पाहुण्यांकडे करुण नजरेने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "धीर सोडू नका हां." पाहुण्यांनी चहाही न पिता मोबाइल काढला आणि घरी फोन लावला.

पण साहेबांच्या मऊपणाचा कळस म्हणजे आमचा बॉयलरवाला. त्याला बॉयलरवरून काढून गेटवर बसवायचं ठरलं होतं, कारण बॉयलर नवा आला होता आणि तो याचं ऐकत नव्हता. साहेबांनी त्याला बोलावलं. "तुमच्यावर कारखान्याचा केवढा विश्वास आहे," असं सांगितलं. "कारखान्याचं दार ज्याच्या हाती द्यावं असा माणूस शोधत होतो," असंही सांगितलं. बॉयलर हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. दुसऱ्या दिवशी हा गडी नवा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन कामावर! बढती झाली म्हणून घरी सत्यनारायण ठरवून आला होता. साहेबांनी त्यातला पेढा खाल्ला आणि खाता खाता रडले. बॉयलरवाल्याला वाटलं, आनंदाने. खरं काय ते शेवटी मावशीनेच सांगितलं, तेही कप विसळता विसळता: "अरे बाबा, तुला गेटवर बसवलाय. बॉयलर गेला तुझा. साखर कमी घालू काय?"

हे सगळं हसण्यासारखंच होतं आणि आम्ही पोटभर हसलो. पण मी स्टोअरच्या खिडकीत बसून सगळ्यांना येता-जाता बघतो. हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती मात्र हसण्यासारखी नव्हती.

लेबल खात्यात दोन मुकादमीण बायका. एक काकी. मालगुंडच्या अलीकडच्या गावची, माझ्याच बाजूची, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही एका गाडीने घरी जातो. नवरा मुंबईला कामाला, मुलगी लग्न होऊन गेलेली. काकींचा चेहरा म्हणजे आमचा कातळ. ऊन पडो, पाऊस पडो, त्यावर काही उमटायचं नाही. दुसरी वहिनी. तिचं गाव लांज्याच्याही पुढे, राजापूरच्या रस्त्याला. वहिनी रडते. गाडी चुकली म्हणून रडते, गाडी मिळाली म्हणून रडते. लेबल तिरकं लागलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी, आणि सरळ लागलं तर "किती छान बसलं गो" म्हणून पुन्हा पाणी. ढोंग मुळीच नाही. देवाने तिचा नळच जरा सैल बसवलाय.

तर व्हायचं काय, की काही कटू असलं की ते काकींच्या वाट्याला यायचं. गणपतीच्या आधी मोठी ऑर्डर आली आणि दोघींपैकी एकीनेच चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुटी घ्यावी असं झालं, तेव्हा सुटी वहिनीला मिळाली. पुढच्या वर्षीही वहिनीलाच. कोकणातल्या बाईला चतुर्थीच्या आदल्या दिवशी कामावर ठेवणं म्हणजे काय, ते साहेबांना कळत नव्हतं असं नाही. बशी मागवून, रडून, सगळं करूनच त्यांनी ते सांगितलं होतं. काकी "बरा" म्हणाल्या, बशीतली एक वडी तोंडात टाकली, साहेबांना पाण्याचा ग्लास दिला आणि कामाला लागल्या. साहेबांना दुसऱ्याचं दुःख फार लवकर दिसायचं. अडचण एवढीच, की जे दिसायचं तेवढंच दुःख आहे असं त्यांना वाटायचं.

शिमगा नुकताच उलटला होता. उन्हाने कातळ भाजत होता. अशा एका दुपारी साहेब स्वतः स्टोअरमध्ये आले, दार लोटलं आणि रिकाम्या खोक्यावर बसले.

"कलाकार," ते मला याच नावाने हाक मारतात, "तुम्ही नाटकात माणसं मारता ना?"

"दरवर्षी एक तरी."

"मारताना डोळ्यांत पाणी येत नाही?"

"साहेब, पाणी आलं तर लोक उठून घरी जातील."

"मग मला शिकवा," साहेब म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कारखान्याच्या मालकांनी लेबलचं अर्धं काम राजापूरच्या नव्या शेडमध्ये न्यायचं ठरवलं होतं, आणि दोघींपैकी एका मुकादमिणीला कायमचं तिकडे जायचं होतं. कोणी जायचं ते साहेबांवर सोडलं होतं. आणि साहेबांनी ठरवलं होतं, काकींना पाठवायचं.

"काकींना का?" मी विचारलं.

"वहिनींना कसं सांगणार हो? सासूबाईंचे गुडघे, मुलाची शाळा. त्या कोसळतील. काकी खंबीर आहेत."

"आणि काकींच्या घरचं काय?"

"त्या कधी काही बोललेल्या नाहीत. म्हणजे सगळं ठीक असणार."

मला माहीत होतं की सगळं ठीक नव्हतं. काकी माझ्याकडून चेपलेले डबे न्यायच्या. भंगारात जाणारे, तीन किलोचे. गेल्या वर्षी त्यांनी घरामागच्या कातळात सुरुंग लावून खड्डे फोडून घेतले होते, लांबून माती आणून भरली होती आणि हापूसची कलमं लावली होती. पहिली काही वर्षं अशा कलमांना उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस लागतंच. एक आठवडा चुकला की कातळ ती गिळून टाकतो. काकी चेपलेल्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोक पाडायच्या, प्रत्येक कलमाच्या मुळाशी एक डबा ठेवायच्या आणि रोज संध्याकाळी घरी पोचल्या की विहिरीचं पाणी आणून ते सगळे डबे भरायच्या. घरात दुसरं कोणी नाही. राजापूरला जायचं म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं, आणि कलमांवर पाणी सोडायचं, म्हणजे न घालता. हे मला ठाऊक होतं, कारण डबे माझे होते. पण कोणाला सांगायचं नाही अशी काकींनी मला ताकीद दिली होती. लावलेल्या कलमांबद्दल ती जगेपर्यंत बोलू नये, असं त्यांचं म्हणणं.

आमची तालीम सुरू झाली. मी काकी झालो. डोक्यावर पदर म्हणून पोतं घेतलं, चेहऱ्याचा कातळ केला. साहेब उभे राहिले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "काकी, तुम्हाला राजा..." पुढचं पूर निघेना. डोळे भरले.

"साहेब, राजापर्यंत छान होतं," मी पोत्याआडून म्हणालो. "आता फक्त पूर."

"तुम्ही हुबेहूब त्यांच्यासारखे बघताय हो."

त्या दिवशी आम्ही राजापर्यंतच पोचलो.

संध्याकाळी गाडीत काकी माझ्या शेजारी येऊन बसल्या. एरवी त्या पुढे, बायकांच्या सीटवर बसतात. गाडी खाडी मागे टाकून वळणं घ्यायला लागली तशा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊ, मावशी सांगत होती, साहेबांनी आंबावडी जास्तीची सांगितली हाय."

मी तिकीट खिशात घालायला लागलो.

"राजापूर ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या स्टोअरातून 'राजा, राजा' असा आवाज येत होता. इतक्या मोठ्याने राजाला कोण हाक मारील आपल्याकडे? आणि राजापूरला नवी शेड होतेय ता मला ठाऊक हाय. माझाच नंबर असणार. माझा चेहरा बगून सगळ्यांना वाटतं, हिला काय होतंय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुमी नाटकवाले. मला रडायला शिकवा."

मी आयुष्यात अनेक विनंत्या ऐकल्या आहेत. ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत काकी स्टोअरमध्ये आल्या. म्हणजे बघा, एकाच खोलीत, त्याच खोक्यांमध्ये, काल साहेबांना न रडायला शिकवायचं आणि आज काकींना रडायला! दोन्ही विद्यार्थी एकमेकांना न कळता. गावच्या नाटकात असा प्रवेश घातला असता तर लोक म्हणाले असते, काहीतरीच.

"आधी खालचा ओठ हलवा," मी म्हणालो.

काकींनी हलवला. मासळी घेताना पापलेटाचा भाव ऐकून हलतो तसा.

"आता एक हुंदका."

त्यांनी हुंदका दिला. बाहेरून मावशी ओरडली, "कुणाला शिंका येतायत गो?"

"काकी, काहीतरी वाईट आठवा. आयुष्यातलं."

काकींनी डोळे मिटले, जरा थांबल्या आणि त्यांना हसूच फुटलं. मोठं, मोकळं, खोक्यांवरची धूळ उडेल असं हसू. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण काकींना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. "काय आठवलं?" विचारलं तर म्हणाल्या, "लग्नात सासूने मला उलटा पाट मांडला नि मी सगळ्यांसमोर आपटले, ता आठवला."

मग हसू ओसरलं आणि त्या पदराने तोंड पुसत खोक्यावर बसल्या.

"राहू दे भाऊ. नाय जमायचा. आणि जमला तरी माझी मला लाज वाटेल. मी रडले म्हणून माझी कलमं वाचली, तर उद्या जी रडत नाय तिचं कोण बघणार?" उठता उठता बोट रोखून म्हणाल्या, "आणि कलमांचं बोलायचं नाय साहेबांजवळ. भीक मागितल्यासारखा होतो."

मी शब्द दिला. खलनायक असलो तरी शब्द पाळणारा आहे.

पण पुढची तालीम तर होतीच. साहेब आले. मी पोतं घेतलं, कातळ झालो. या वेळी साहेबांनी मोठ्या निर्धाराने, डोळे मिटून, एका दमात सांगून टाकलं: "काकी, तुम्हाला राजापूरला जावं लागेल." आणि डोळे उघडून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. पाणी नाही. आवाज नाही कापला. मला खरं तर टाळ्या वाजवायच्या होत्या. पण मी काकी होतो ना. मी काकींच्याच आवाजात, कलमांचं अवाक्षर न काढता, विचारलं:

"बरा. जाते. पण मलाच का, ता सांगा."

साहेब गडबडले. "असं विचारतील त्या?"

"विचारणार नाहीत. मी विचारतोय. मला का, आणि वहिनीला का नाही? काम दोघींचं सारखं. मग कारण काय?"

"कारण..." साहेब उभे राहिले. दोन पावलं चालले, वळले. "कारण वहिनींना त्रास होईल."

"आणि मला होणार नाही?"

"तसं नाही हो. कारण तुम्ही... कारण तुम्ही रडणार नाही."

ते बोलून गेले आणि बोललेलं त्यांनी स्वतःच ऐकलं. खोलीत नुसता पत्र्याचा आवाज, उन्हाने तडतडणारा. साहेब माझ्यासमोर खोक्यावर बसले. या वेळी मात्र ते रडले नाहीत, आणि त्यांना खरंखुरं वाईट वाटलेलं मला पहिल्यांदाच दिसलं. त्यांनी मिशीच्या टोकाशी चाळा सुरू केला.

"चतुर्थीची सुटीसुद्धा," ते हळूच म्हणाले.

"दोन्ही वर्षं," मी म्हणालो. पोतं अजून डोक्यावरच होतं.

"म्हणजे जो मला रडवत नाही त्याला मी शिक्षा देतोय."

मी पोतं सावरलं. नाटकात काही वेळा खलनायकाने फक्त उभं राहायचं असतं.

मग साहेब झटकन उठले. केबिन नाही, त्यांनी ठरवलं. बशी नाही. दोघींना एकदम सांगायचं, पॅकिंग हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, एकाच शब्दांत. आणि कारण असं, जे रडणाऱ्यालाही तेच आणि न रडणाऱ्यालाही तेच. ज्याचं घर राजापूरला जवळ, त्याने जायचं. "कोण कुठे राहतं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ऐकून साहेबांचा चेहरा पडला. नियमाने नाव येत होतं वहिनीचं.

"कलाकार, त्या कोसळतील हो."

"कोसळतील तर उचलू. पण कारण तर सांगता येईल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीनंतर सगळे हॉलमध्ये जमले. मालकांनी धाडलेल्या राजापूरच्या बातमीचा वास एव्हाना शेडभर पसरला होता. बायका टेबलांना टेकून उभ्या, बॉयलरवाला, आता गेटवाला, दारात. काकी आणि वहिनी पुढे, शेजारी शेजारी. काकींनी हात असे बांधले होते की जणू कोणी त्यांचा फोटो काढणार आहे. नाव कोणाचं येणार याचा वहिनीला अजून काहीच पत्ता नव्हता, तरी गर्दी बघूनच तिचे डोळे तयार झाले होते. मी साहेबांच्या मागे, ओळ विसरले तर आठवण करून द्यायला.

साहेबांनी घसा साफ केला. आणि नेमक्या त्या क्षणी दार ढकलून मावशी आत आली. हातात बशी. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की बशी रद्द झाली आहे.

हॉलमधल्या सगळ्या माना बशीकडे वळल्या. कोणाच्या तरी खिशात फोन वाजला. बहुतेक पिवळा चौकोन. मावशी बशी घेऊन मधोमध उभी, कोणाच्या पुढे ठेवायची ते तिला कळेना. ती काकींकडे वळली, सवयीने.

"मावशी," साहेब म्हणाले, "ती टेबलावर ठेवा. आज ती कोणाची नाही."

मग ते बोलले. पाठ केल्यासारखं, मिशा थरथरत, पण बोलले. "बातमी बरी नाही. लेबलचं अर्धं काम राजापूरला जातंय. तुम्हा दोघींपैकी एकीला तिकडे जावं लागेल. आधी मी हे ठरवताना कोणाला जास्त वाईट वाटेल तेवढंच बघत होतो. ते चुकीचं होतं. काकी, ते तुमच्याबाबतीत आधीही चुकलं." काकींनी पापणी हलवली. त्यांच्या हिशोबाने हे म्हणजे फार झालं. "म्हणून आता साधा नियम. जिचं घर जवळ, ती जाईल. म्हणजे वहिनी, तुम्ही. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मी ऐकतोय."

वहिनीने आधी डोळे मोठे केले. मग पदर तोंडाला लावला. आणि मग तो नळ सुटला, आजवर कधी सुटला नव्हता असा. खांदे हलतायत, बाजूच्या दोघी तिला धरतायत, एक जण पाणी आणायला धावतेय. मी साहेबांकडे बघितलं. व्हायचं तेच झालं होतं. दोन दिवसांची तालीम मिशांतून वाहून गेली. साहेब रुमाल शोधत होते.

आणि मग मला जे दिसलं ते दिसायला नको होतं. काकींनी बांधलेले हात सोडले. एकदा रडणाऱ्या वहिनीकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. त्यांच्या कातळावर काय उमटलं ते दुसऱ्या कोणाला कळलं नसेल, पण मला कळलं, कारण डबे माझे होते. त्या मनातल्या मनात प्रत्येक कलमाचा निरोप घेत होत्या.

"पुरे आता," काकी म्हणाल्या. "नका रडू कोणी. मी जाते राजापूरला."

"काकी, नाही," मी शब्द विसरून पुढे झालो. साहेबही रुमालाआडून "नाही, नियम आहे..." असं काही म्हणत होते. काकींनी आम्हा दोघांना हातानेच गप्प केलं. "सांगितलं ना, मी जाते. माझं काय, मी कुठेही राहीन."

तेव्हा वहिनीने तोंडावरचा पदर काढला. गाल भिजलेले, नाक लाल, हुंदके अजून चालूच. तिने काकींचा दंड धरून त्यांना मागे ओढलं, टेबलावरची बशी स्वतःकडे सरकवली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"अगो काकी, तू कशाला जातेस, मला हवंय ना राजापूर! दारातून एक गाडी पकडली की पोचले, इथे रोज लांज्याला बदला, रत्नागिरीला बदला, आणि इतकी वर्षं एकाने तरी नुसतं विचारायचं ना, बाई तुला काय हवंय म्हणून! मी रडतेय ती आनंदाने, आणि आता ही आंबावडी मला खाऊ द्या, आजवर रडण्याच्या नादात एकदासुद्धा चव घेतली नाय हिची!"